मी मुराळी गेलो होतो

मुलाचं पोस्टकार्ड आलं तेव्हा आखाजीला आठवडा राहिला होता. कार्ड अर्धं कोरंच होतं. लिहिलं होतं ते एवढंच: ‘ताईला आणायला गेलो होतो. तिच्या सासरचे पाठवत नाहीत. तरी यंदा आपण वाट पाहू नये. प्रकृतीस जपावे.’ मुलगा भुसावळला रेल्वेत आहे, मुलगी एदलाबादला दिली आहे आणि मी जळगावात कापसाच्या एका जिनाच्या मागं दोन खोल्यांत एकटा राहतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलीला आणायचं काम मी मुलावर सोपवलं होतं, कारण भाऊ असताना बापानं जाणं आमच्याकडे बरं दिसत नाही. शिवाय माझ्या गुडघ्यांचं निमित्त होतंच.

कार्ड मी तीनदा वाचलं. तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज वाचून माझी एक खोड झाली आहे. कागदात काही खुपलं की तो हातातून सुटत नाही. अक्षर मुलाचं, सही मुलाची, सगळं ठाकठीक. पण मधलं वाक्य माझं होतं. ‘सासरचे पाठवत नाहीत.’ पस्तीस वर्षांपूर्वी, आमच्या अंगणात, बैलांच्या दमणीवरून खाली उतरता उतरता मी ते माझ्या आईला म्हटलं होतं. आणि ते खोटं होतं.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. घरमालकीण मला फार सरळ माणूस समजते. शेजारपाजारच्या भांडणात ‘साहेबांना विचारा’ म्हणून मला मधे घेते आणि मीही ऐटीत निवाडा देतो. ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लग्न झालेली पोर माहेरी येते. दिवाळी चुकली तर चालेल, आखाजी चुकता कामा नये. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस, शक्यतो भाऊ, तिला आणायला जातो. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आल्याशिवाय पोरीनं सासरचा उंबरा ओलांडायचा नाही, मग माहेर चार शेतांवर का असेना. आणि मुराळ्यानं रिकाम्या हातानं जायचं नाही.

मी मुराळी गेलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. धुळ्याच्या शाळेतून नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती. आमच्या भाऊबंदांत पाटीपेन्सिलीच्या पुढं गेलेला मी पहिलाच, त्यामुळे डोकं जागेवर नव्हतं. काळी टोपी, बटणांचा कोट आणि पायांत बूट. त्या बुटांनी दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या, पण मी ते काढत नसे. घरी आईवडील अहिराणीत बोलत, मी पुस्तकी मराठीत उत्तर देई. वडिलांना त्याचं कौतुक वाटे, आई मात्र गप्प होई.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन घेऊन तिची कंबर एका बाजूला कलली, असं आई म्हणायची. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं. शिरपूरच्या पलीकडे पाच कोसांवर, सातपुड्याच्या पायथ्याला तिचं सासर. पावसावरची शेती, शाकारलेलं घर, चार ढोरं. माणसं गरीब पण वाईट नव्हती. दर आखाजीला वडील स्वतः जाऊन तिला आणत. त्या वर्षी त्यांच्या पायाला कुरूप झालं होतं, म्हणून त्यांनी दमणी मला दिली. आईनं दोन दिवस खपून सांजोऱ्या केल्या, टोपलीत पळसाची पानं घालून रचल्या आणि वर स्वतःच्या जुन्या लुगड्याचा धडपा बांधला. अंगणातल्या निंबाला वडिलांनी झोका टांगला. तो झोका अक्काचा. लग्नानंतरही ती त्यावर उभी राहून झोके घ्यायची.

‘सांभायीसन लई ये,’ आई म्हणाली. टोपली सांभाळून ने म्हणाली की बहिणीला सांभाळून आण म्हणाली, मी विचारलं नाही. मला कधी एकदा गावाबाहेर पडतो असं झालं होतं. कोट घालून बैल हाकताना गावातल्यांनी पाहिलेलं मला नको होतं.

तापीच्या पात्रात, रेतीवरच्या डांगरवाड्यांशी, म्हणजे खरबुजांच्या मळ्यांशी, बैल पाण्यावर सोडले, तोच कुणीतरी हाक मारली. शाळेतला माझा एक सोबती होता. शिरपूरच्या एका वकिलांचा मुलगा. दोघातिघा मित्रांना घेऊन तो नदीत डांगरं खायला आला होता. सगळे कोटवाले, सगळे शहरातले. ‘अरे, तू इकडे कुठं?’ त्यानं विचारलं.

‘बहिणीला आणायला निघालोय’ एवढंच म्हणायचं होतं. पण शाळेत मी या सोबत्याला सांगून बसलो होतो, की माझी बहीण जळगावकडे एका मोठ्या पाटलाच्या घरी दिली आहे, तिच्या दारात घोडा आहे. कुणी विचारलंही नव्हतं, मीच आपलं सांगितलं होतं. आता तोंडातून निघालं, ‘डांगरं न्यायला आलो. घरी पाहुणे आहेत.’

‘आणि टोपलीत काय?’

‘फराळाचं. वाटेत खायला.’

मग धडपा सुटला. आम्ही पाच जण रेतीवर बसलो आणि माझ्या बहिणीच्या सासरी जायच्या सांजोऱ्या खाल्ल्या. सोबती म्हणाला, तुझ्या आईच्या हाताला चव आहे. मी हसलो. दोन-चार उरल्या होत्या, त्या त्यानं आपल्या आईसाठी बांधून घेतल्या आणि मला घरी चल म्हणाला.

मी गेलो. जेवण करून निघू, असं मनाशी ठरवून गेलो. वकिलांच्या घरी खुर्च्या होत्या, इंग्रजी वर्तमानपत्र होतं, आणि फोनोग्राफ होता. वकिलांनी परीक्षेत निबंध कशावर लिहिला, पुढं काय करणार, असं नीट चौकशी करून विचारलं. कचेरीत उमेदवार घेणार आहेत, मी शब्द टाकीन, असंही म्हणाले. जेवण होऊन रात्र पडली, मी राहिलो. दुसऱ्या दिवशी निघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की अक्काच्या गावाहून परतायची वाट या घराच्या ओट्यावरूनच जाते. दमणीत जाडंभरडं लुगडं नेसलेली, हातापायांवर गोंदलेली, ‘कोठे शे, कसं शे’ बोलणारी माझी बहीण बसलेली असेल आणि ओट्यावर हे सगळे असतील. ते पाटील, तो घोडा, सगळं उघडं पडेल. ती मला भररस्त्यात ‘भाऊ’ म्हणून हाक मारील.

मी बहिणीची लाज धरली. दुसरं काही कारण नव्हतं. पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला निरनिराळी कारणं सांगून पाहिली. नोकरीचा प्रश्न होता, वय अडनिडं होतं, बैल दमले होते. बैल दमले नव्हते. दोन दिवस वकिलांच्या गोठ्यात कडबा खाऊन ते तुकतुकीत झाले होते.

तिसऱ्या दिवशी वकिलांच्या कुळानं दमणीत डांगरं भरून दिली आणि मी परत फिरलो. आखाजी दुसऱ्या दिवसावर आली होती. डोंगराकडे जाऊन यायला आता वेळच नाही, असं वाटेत मोठ्यानं स्वतःला म्हणालो. घरी काय सांगायचं ते मात्र ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगतो, ठरवलं नव्हतं. अंगणात शिरलो तेव्हा आई दारात भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती, पोरीवरून ओवाळून टाकायला. तिनं दमणीत वाकून पाहिलं.

‘पोर कोठे शे?’

‘त्यांनी पाठवली नाही.’

‘कोन? काय म्हने व्याही?’ वडील लंगडत बाहेर आले.

एकदा पाय घसरला की माणूस कुठं थांबतो? मी म्हणालो, व्याही म्हणाले यंदा जमायचं नाही. वडिलांनी विचारलं, पानी तरी इचारं का? मी म्हणालो, नाही. बसायला घोंगडी टाकी का? नाही. मग आईनं हळूच विचारलं, ‘आनी टोपली?’

‘टोपली ठेवून घेतली.’

हे शेवटचं मी का म्हणालो, मला आजही कळत नाही. टोपली तापीच्या रेतीत राहिली होती, तिचं काहीतरी सांगायलाच हवं होतं, म्हणून म्हणालो असेन. पण वडिलांना लागलं ते हेच. पोराला पाणी न देता उन्हात उभं केलं, पोर धाडली नाही आणि वर सांजोऱ्या ठेवून घेतल्या. त्यांनी डोक्याचं पागोटं काढून खाटेवर ठेवलं. ‘आते त्या घरनं पानी माले नको,’ म्हणाले. मग उठले, निंबाखाली गेले आणि झोक्याचा दोर सोडून घेतला. लंगड्या पायानं फांदीपर्यंत हात पुरेना, तर मला हाक मारली. तो दोर मी सोडला.

डांगरं गोड निघाली. सगळ्या गल्लीनं खाल्ली.

त्यानंतर आमच्या घरून अक्काकडे मुराळी गेला नाही. आई दर चैत्रात विषय काढी, वडील उठून बाहेर जात. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं माझे पाय धरायचे बाकी ठेवले. तू आबांना सांग, तुझं ऐकतील, बहिणीवाचून वराच्या पाठीशी कोण उभं राहील, म्हणाली. तेव्हा बोलायला जागा होती. पण वकिलांच्या शब्दावर मला कचेरीत जागा मिळाली होती, आणि वडील सगळ्या गावात सांगत फिरत होते की माझा पोर कधी खोटं बोलत नाही, म्हणून साहेबानं ठेवला. चुलतबहीण पाठीशी उभी राहिली. बोहल्यावर माझं लक्ष सारखं मागं जात होतं.

मग मानमोडीचा ताप आला. गावोगाव माणसं पटापट गेली, तशी आईही गेली. तापात ती बरळत होती. ‘मनी पोरले कोंडी ठेयेल शे त्यास्नी,’ हे एकच वाक्य. ज्यांनी तिचं काही वाईट केलं नव्हतं, त्यांना ती शिव्याशाप देत होती, आणि मी उशाशी बसून तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होतो. खोलीत आम्ही दोघंच होतो. कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. ती कदाचित मला थोबाडीत मारून शांतपणे गेली असती. मी पट्टी बदलली.

वडील गेल्यावर तर अडवायला कुणीच उरलं नाही. तरी गेलो नाही. कारणांना काय तोटा? बदल्या होत्या, मुलं लहान होती. मधे दोन वर्षं तर मी शिरपुरातच होतो, अक्काच्या घरापासून पाच कोसांवर. सोमवारच्या बाजाराला डोंगराकडची माणसं यायची, म्हणून सोमवारी मी कचेरीतून उशिरा निघायचो. जितकी वर्षं जास्त झाली तितकं जाणं अवघड झालं, हे मात्र खरं.

असं सगळं माझ्या मागं होतं, आणि हातात मुलाचं कार्ड होतं. खरं पाहिलं तर मी लगेच एदलाबादला जायला हवं होतं. विहिणीला विचारलं असतं, माझा मुलगा आला होता का? पण मला ते धाडस होईना. कोणत्या तोंडानं मुलाला खोटा ठरवू? कदाचित तो खरंच गेला असेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं असेल. मी दोन दिवस घोळ घातला आणि तिसऱ्या दिवशी उठून धुळ्याची गाडी धरली. आधी अक्काला आणायचं ठरवलं. मुलीकडे जाऊन खरं काय ते कळण्यापेक्षा बहिणीची क्षमा मागणं मला सोपं वाटलं. मी असाच आहे.

हलवायाकडून घेतलेली मिठाई एका टोपलीत होती. सांजोऱ्या करणारं आता घरात कुणी नाही. शिरपूरपर्यंत कोळशाची मोटार, पुढं बैलगाडी. गाडीवाल्यानं विचारलं, आबा, कोठे? मी म्हणालो, मुराळी जातोय. माझ्या पांढऱ्या मिशांकडे पाहून तो इतका हसला की बैल थांबले.

अक्काच्या अंगणात एक तरणा गडी खाटेवर बसला होता. त्याच्या पायांशी टोपली होती. दाराशी एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी तिला ओळखलं नाही. तिनं मान वर केली, कपाळावर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, ‘भाऊ, ये. कितला सुकाई गया रे तू!’

मधे पस्तीस वर्षं गेलीच नव्हती, अशा आवाजात म्हणाली.

तिनं पाणी दिलं, गूळ दिला. मेहुणे चार वर्षांपूर्वी गेल्याचं सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. तिचा मुलगा शेतात होता, सून आत गडबडीत होती. मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि पाठ केलेलं बोलायला लागलो. अक्का, त्या वर्षी मी निघालो होतो, पण तापीपाशी. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही.

‘माले मालूम शे,’ ती म्हणाली. ‘तू डांगरवाडीमा बठेल व्हता. आमना गावना एक जन देखीसन उना. म्हने, तुना भाऊ कोटवालास्मा बठीसन सांजोऱ्या खाई ऱ्हायना.’

ती शेंगा फोडत होती, हात थांबले नव्हते.

‘कपडा बांधीसन मी दोन दिन या दारमा बठेल व्हतू. मंग त्यानी सांगं. सासू इचारे, काब नही उना तुना भाऊ? मी काय सांगू? मी सांगं, उनाता तो. शिववरथूनच मी त्याले परत धाडं. घर शाकारानं शे, मी येत नही, असं सांगीसन.’

मला नीट समजायला थोडा वेळ लागला. मी तिकडे आईला सांगत होतो की त्यांनी पाठवली नाही, तेव्हा इकडे ती सासूला सांगत होती की मीच त्याला शिवेवरून परत पाठवलं. माझी अब्रू तिनं तिच्या सासरी राखली होती. सासू खूश झाली. माझ्या सुनेला माहेरची हाव नाही, घर धरून राहते, असं गावभर सांगत सुटली. पुढच्या आखाजीला मुराळी आला नाही, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. ‘मंग मी कोन तोंडघाई सांगू, का माले माहेर जावानं शे?’ अक्का म्हणाली.

सासरचे चांगले म्हणाले म्हणून तिला कधी रडताही आलं नाही. आई गेल्याचं कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. मी शिरपूरला होतो तेही तिला माहीत होतं. सोमवारी ती बाजारात यायची आणि कचेरीच्या बाजूनं जायचं टाळायची. ‘तुले लाज वाटी असती ना,’ म्हणाली. मी तिला टाळत होतो, आणि मला टाळता यावं म्हणून ती मला टाळत होती.

मग तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. ‘एक सांग. मायन्या सांजोऱ्या गोड व्हत्यात का?’

मला रडू आलं. पंचावन्न वर्षांचा पेन्शनर, परक्या गड्यासमोर हमसून हमसून रडलो. तिनं मला रडू दिलं, गप्प हो म्हणाली नाही आणि जवळही आली नाही. बऱ्याच वेळानं मी म्हणालो, गोड होत्या. ती म्हणाली, ‘ती येलदोडा जास्ती टाके.’

मी तिला म्हटलं, अक्का, चल. मी मुराळी आलोय. चार दिवस का होईना, जळगावला चल. तिनं खाटेवरच्या गड्याकडे हात केला. ‘वहूना भाऊ येल शे. तीन वरीस व्हयनात, ती माहेर जायेल नही. मी उनू ते ढोरं-लेकरं कोन देखी? ती जाई, मी नही.’ आतून सुनेच्या बांगड्यांचा आवाज येत होता, पेटी उघडल्याचा, मिटल्याचा.

मी पुन्हा आग्रह केला. तशी ती हसली. ‘तवय मी सासूले लबाडी सांगी, का मीच तुले परत धाडं. आज ते खरं करस. जाय भाऊ. मीच तुले परत धाडस.’

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं माझी टोपली ठेवून घेतली, मिठाई सुनेच्या भावाला आणि लेकरांना वाटली. मी निघताना गाडीशी आली आणि माझ्या मुलीचं विचारलं, ‘आनी तुनी आंडेर? तिले लेवाले कोन गयं?’

मी म्हणालो, मुलगा गेला होता. सासरच्यांनी पाठवली नाही, असं त्यानं लिहिलंय.

अक्का नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग बैलाच्या पाठीवर थाप मारून गाडीवाल्याला म्हणाली, ‘हाक रे, जोरमा हाक. याले लांब जावानं शे.’

आखाजीच्या दिवशी दुपारच्या आत मी एदलाबादला पोचलो. गावात घरोघरी झोके बांधलेले, पोरी गाणी म्हणत होत्या. मुलीच्या दारात पोचलो तेव्हा विहीणबाई सोप्यात गहू निवडत होत्या. त्या लगबगीनं उठल्या. पाणी आलं, बसायला सतरंजी आली. मी चाचरत म्हणालो, मुलीला चार दिवस पाठवाल का? त्या आश्चर्यानं म्हणाल्या, ‘अहो, आम्ही कधी नाही म्हटलंय? तीच म्हणाली, भाऊ वेशीपर्यंत आला होता, मीच त्याला परत पाठवलं. कापूस वेचून झाला, वाळवणं राहिलीत, म्हणाली. फार गुणाची पोर तुमची.’

मुलगी दाराआड उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी म्हणालो, ‘तू परत पाठवलंस?’

‘हो बाबा,’ ती म्हणाली. ‘दादा आला होता. मीच.’

कार्ड माझ्या कोटाच्या खिशातच होतं. त्यात लिहिलं होतं, सासरचे पाठवत नाहीत. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. आणि दोन्ही खोटं आहे हे त्या घरात मला आणि तिला, दोघांनाच माहीत होतं. मी ते कार्ड बाहेर काढलं नाही. ‘कपडे बांध,’ एवढंच म्हणालो. तिला बांधायचं काही नव्हतं. गाठोडं दारामागं तयार होतं, कधीपासून कोण जाणे. गाठीवर धूळ बसली होती.

संध्याकाळच्या मोटारीत ती खिडकीशी बसली. भुसावळ यायच्या आधी मी तिला अक्काची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, सांजोऱ्यांसकट. तिला आत्या आहे एवढंच तिला ठाऊक होतं. ती ऐकत राहिली. माझी बाजू घेऊन एक शब्द बोलली नाही, आणि मला ते बरं वाटलं. स्टेशनाचे दिवे दिसायला लागले तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, ‘बाबा, दादाला काही बोलू नका हं.’

मी ‘नाही बोलणार’ म्हणालो. त्याला बोलायला मला तोंड कुठं होतं?